तीन दिवसांचे अध्यक्ष

जपानात हिरोसाकीजवळच्या सफरचंदांच्या एका गावात फुकुशी सरांनी चौतीस वर्षं आठवीला एकच कथा शिकवली. क्रूर राजा, मरणाची शिक्षा झालेला माणूस, बहिणीच्या लग्नासाठी त्याला मिळालेली तीन दिवसांची मुदत आणि तोवर त्याच्या जागी ओलीस राहिलेला मित्र. शिक्षा झालेला तो माणूस धापा टाकत परततो तिथे सरांचा गळा दरवर्षी न चुकता दाटून यायचा. मुलं त्या ओळीआधीच पुस्तकं मिटून सरांचं तोंड बघायला सरसावून बसत.

सर निवृत्त झाले, त्याच वसंतात त्यांचा बालमित्र नाराओका गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. दुसऱ्याच आठवड्यात तो सुक्या माकुळ-मासळीची पुडी घेऊन दारात हजर. मुलीचं दूर सेंदाई शहरात लग्न होतं, तेवढे तीन दिवस सरांनी मंडळ सांभाळावं, असं त्याचं म्हणणं. तीन दिवस हा आकडा ऐकल्यावर सरांनी नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

नाराओका गेला तो गेलाच. सुरुवातीला फोनवर कारणं आली, मग फोनही थांबले.

सर मात्र रोज सव्वासहाला गल्लीच्या कचऱ्याच्या पिशव्या ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्यापाशी उभे. कुणी जाळायच्या कचऱ्यात पत्र्याचे डबे घातले की पिशवी उघडून मालकाला घरपोच परत. हिवाळ्यात बर्फ कुणी कुणाच्या दारात लोटला, याचे निवाडेही त्यांच्याकडेच. कुणी विचारलं तर म्हणायचे, "येईल तो."

"राजानं तरी एव्हाना कंटाळून सोडून दिलं असतं हो तुम्हाला," त्यांची बायको मित्सुए म्हणायची.

चौथ्या हिवाळ्यात नाराओका आला. धापा वगैरे काही नाही, दुपारच्या बसनं आला. चहा पुढ्यात आल्यावर म्हणाला, "लग्न झालंच नाही रे. आदल्या दिवशी मुलगा नाही म्हणाला. इथे सगळ्या गल्लीला सांगून गेलो होतो. कुठल्या तोंडानं येणार? तिकडेच एका गाड्यांच्या तळावर राखणदारी केली."

सरांनी चार वर्षं मनात घोटून ठेवलेलं एक जळजळीत भाषण होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मला तरी सांगायचंस," ते म्हणाले.

"तू त्याचा धडा करून गल्लीला शिकवला असतास."

हे खरंच होतं. मित्सुए आत तोंड दाबून हसली. सरांनी नाक शिंकरलं आणि विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"बरी आहे. माझ्यापेक्षा बरी."

एप्रिलमध्ये सरांनी मंडळाची वही त्याच्या हाती ठेवली. नाराओका कुणाचीच पिशवी उघडत नसे. कचऱ्यात डबे दिसले तरी लोकांना हसून राम राम करी. गल्ली खूश झाली. मे महिन्यात नव्या अध्यक्षांच्या ढिलाईविरुद्ध एक लेखी तक्रार तेवढी आली. अक्षर सुबक होतं, शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती, आणि खाली सही एकट्या फुकुशी सरांची.