न लागणारा चटका

शेजारचे काका नॉर्वेच्या जहाजावर आचारी होते. अजूनही किनाऱ्यावर नारळाची सोडणं पेटवून, लांब दांड्याच्या लोखंडी साच्यात ते तिकडची पातळ, नक्षीदार बिस्किटं भाजतात आणि गरम असतानाच नुसत्या हातांनी त्यांची सुरळी करतात. "चटका तुम्हा हापिसवाल्यांना रे!"

काल त्यांच्या बोटावर टरारून फोड आला, तरी त्यांना कळलं नाही. साखरेच्या दुखण्याने बोटं बधिर झाली आहेत.

"काकीला बोललास तर बघ हां!"

मी गप्प बसून आणखी एक बिस्कीट खाल्लं. हापिसातही असाच गप्प मी जन्मभर बसलो. आज सकाळी मात्र काकींना सांगून टाकलं.

संध्याकाळी काकांनी माझ्याकडे न बघता साचा माझ्या हातात दिला. पहिलीच सुरळी करताना मी ओरडलो.

"भाजलं?" ते जवळ सरकले. "कसं वाटतं रे? सांग ना."