अकरा जणींचं उपाशी रक्त

“मावशी, पिंपळगावच्या या अकरा जणी खाऊन आल्या होत्या,” मॅडमनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. “सगळे सॅम्पल बाद. गावच वगळावं लागेल.”

“मॅडम, एकीनंही खाल्लं नव्हतं. मी स्वतः विचारलं.”

“विचारल्यावर सगळे तेच सांगतात.”

हे मला लागलं. मी तालुक्याच्या दवाखान्यात साफसफाईला लागले होते. सुई धरायला बघून बघून शिकले, सर्टिफिकेट मागाहून आलं. म्हाताऱ्या बायका माझ्यापुढे हात करतात, म्हणून रिटायर झाल्यावर मॅडमनी मला त्यांच्या या संशोधनाच्या अभ्यासात रक्त काढायला घेतलं. आता त्याच बायका खोट्या ठरत होत्या, आणि त्यांच्याबरोबर मीही.

अभ्यास साठीच्या पुढच्या बायकांचा. आपण डाळ, दूध, अंडं खातो, त्यातलं प्रोटीन म्हणजे एक माळ धरा. पोटात माळ तुटते आणि मणी रक्तात येतात. ते मणी म्हणजे अमिनो अ‍ॅसिड. त्यांच्या वीसेक जाती. उतारवयात कोणता मणी वाढला तर पुढे साखरेचा त्रास संभवतो, हे मॅडमना शोधायचं होतं. खाल्लं की मणी वाढतात, म्हणून रक्त उपाशीपोटी घ्यायचं. सोबत शुगरही फुकट तपासून मिळणार होती. गाव वगळलं की तेही गेलं.

मी तडक पिंपळगाव रेणुकाईला गेले. त्या अकरांतली कौसाबाई ओट्यावरच होती. मिरची तोडणाऱ्या बायकांची टोळी तीच चालवते.

“कौसे, खरं सांग. त्या दिवशी चहा घेतल्ता का?”

“तुझ्या गळ्याची आण, पाण्याचे दोन घोट फक्त. अन् तुझी मॅडम आम्हाला खोटं म्हणून राह्यली? आण तिला इथं!”

“चिडू नको. उठल्यापासून काय काय केलं, तेवढं सांग.”

“काय करणार? खायचंच न्हाई तर भाकरी कशाला थापत बसू? चूल सुनेवर सोडली. टाइम उरला. मंग आम्ही अकराही जणी मळ्यात गेल्तो. दोन तास मिरची तोडली अन् तिथूनच तुझ्याकडं आलो.”

मी कपाळाला हात लावला. “अगं बाई, मला आधी का न्हाई सांगितलं?”

“तू विचारलं का? खाल्लं का, एवढंच विचारलं तू.”

बराबर होतं तिचं. त्या सकाळी माझे डोळे सारखे झोंबत होते आणि मी स्पिरिटला दोष देत बसले होते. एकेकीचा मिरचीचा हात हातात घेतला होता मी, तरी डोक्यात आलं नाही.

तिथूनच मॅडमना फोन लावला आणि मिरचीचं सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“मावशी, अ‍ॅलनिन वाढलंय,” मॅडम म्हणाल्या. “स्नायूंनी मेहनत केली की हा मणी रक्तात येतो. जेवल्यावर त्याच्या जोडीनं बाकीचे जे वाढतात, ते मात्र जागच्या जागी आहेत. त्या उपाशीच होत्या. माझं चुकलं.”

“मंग गाव राह्यलं?”

“राहिलं. पण सॅम्पल परत घ्यायचे. आणि या वेळी त्यांना बसवून ठेवा.”

मला वाटलं, यात काय अवघड? पण पुढच्या आठवड्यात कामाला न जाऊ देता घरून थेट समाजमंदिरात आणलेल्या अकरा जणींना अर्धा तास बसवताना मला घाम फुटला. एकीनं झाडू शोधून काढला. दुसरी पाणी आणायला निघाली, तिला दारातून ओढून आणलं. कौसाबाई तर भांडायलाच उठली.

“शांते, ही काय सजा लावली? एवढी तर मी माझ्या लग्नातबी बसले नव्हते!”

“बस म्हणते ना! भांडलीस तरी मणी वाढतात.”

हे मी मनानंच ठोकून दिलं होतं. पण बसल्या एकदाच्या.

या वेळी अ‍ॅलनिन खाली आलं. अकराही सॅम्पल धरले गेले. कौसाबाईची शुगर मात्र वाढलेली निघाली. गोळी चालू झाली, आता ठीक आहे. मॅडमनी स्वतः येऊन तिची माफी मागितली, तेव्हा तिनं त्यांच्या पदरात शेरभर मिरच्या घातल्या.

आमच्या फॉर्मवर आता एक प्रश्न जास्तीचा आहे: उठल्यापासून काय काम केलं? बाईला उपाशी राहा म्हटलं तर ती मुकाट्यानं राहते. बसून राहा, हे मात्र तिला वेगळं सांगावं लागतं, आणि दारात उभं राहून सांगावं लागतं.