टुरिस्ट क्लासचं ताट

लालबागच्या आमच्या चाळीत जयवंत परबाला सगळे 'इमानवाला', म्हणजे विमानवाला, म्हणत. रात्रशाळेतून मॅट्रिक झालेला, फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात काटे-चमचे मांडायला शिकलेला, आणि तिथून थेट विलायतेला जाणाऱ्या विमानात स्टुअर्ड. पांढरा कोट, केसांना तेलाऐवजी क्रीम. चाळीतल्या बायकांना वाटे, विमान तोच चालवतो. त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत तो पडला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकलं ते दुसरीकडे. कंपनीत त्याने सांगून ठेवलं होतं की वडील मिलमध्ये वीव्हिंग मास्तर आहेत आणि आम्ही दादरला राहतो.

त्याचे वडील कुशाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम करत. मास्तर त्यांना दिवसातून दोनदा शिव्या घालत असे, एवढाच त्यांचा मास्तरशी संबंध. पण माणूस ताठ. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले, कपाळावर लाठीची खूण, आणि ती झाकली जाऊ नये म्हणून टोपी जरा मागे सरकवलेली. सत्तावन साली जिनिव्हाला कापड कामगारांची परिषद होती. युनियनने कुशाबांचं नाव दिलं आणि चाळीला वेड लागायची पाळी आली. हार झाले, नारळ झाले. टॅक्सी सुटताना कुणीतरी सवयीने 'संयुक्त महाराष्ट्र' अशी हाळी दिली आणि अख्ख्या गल्लीने 'झालाच पाहिजे' म्हणत त्यांना जिनिव्हाला धाडलं.

कुशाबांना आनंद परिषदेचा कमी आणि दुसऱ्याच गोष्टीचा जास्त होता. त्याच विमानावर जयवंतची ड्युटी होती. जयवंतला हे आधीच कळलं होतं. त्याला ड्युटी बदलून घेता आली असती, पण कारण काय सांगायचं? शिवाय त्याची भिस्त होती पडद्यावर.

त्या काळच्या पंख्यांच्या विमानात टुरिस्ट क्लास पुढे, इंजिनांच्या घरघरीत. पहिला वर्ग मागे, जिथे आवाज कमी. मधे जाड पडदा. पडद्यामागे पाय पसरायला जागा, पांढरे टेबलक्लॉथ, एकामागून एक येणारं गरम जेवण आणि शॅम्पेन. पडद्यापुढे गुडघे समोरच्या खुर्चीला टेकलेले आणि जेवणाचा एकच थंडगार ट्रे. जयवंत पहिल्या वर्गाचा. पुढच्या लोकांना वाढायला दुसरा पोरगा होता. तेव्हा बाप एका विमानात आणि मुलगा दुसऱ्या, असंच धरून चालायचं जयवंतने ठरवलं.

कुशाबांना त्या घरघरीचा काही त्रास झाला नाही. साचेखात्यात जन्म काढलेला माणूस, तो म्हणाला असेल, बरं शांत आहे इथे. शेजारी कोइमतूरचा एक कामगार होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी पडद्याकडे बोट दाखवून, छातीवर हात ठेवून, 'माझो झील', माझा मुलगा, हे त्यांनी त्याला पटवून दिलं. मग ट्रे आला.

आता मिलमधली एक रीत आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा एकट्याने उघडायचा नाही. जोडीदार येईपर्यंत थांबायचं, मग दोघांची भाजी मधे ठेवायची. कुशाबांनी ही रीत कधी मोडली नव्हती. इथे तर जोडीदार पोटचा पोर, आणि तो सगळ्यांना वाढतोय म्हणजे स्वतः उपाशीच असणार. ते ट्रे दोन्ही हातांत धरून उठले आणि खांद्याने पडदा सारून आत गेले.

पुढचं मला जयवंतनेच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

तो एका गोऱ्या बाईच्या पेल्यात शॅम्पेन ओतत होता. पाठीमागे त्याचा वरचा साहेब, पारशी पर्सर, उभा. समोर कोट, धोतर, मागे सरकवलेली टोपी आणि ट्रे.

"जेवलंस काय रे?" कुशाबा म्हणाले. "माका एकट्याक घास उतरणा नाय."

बाईने वळून बघितलं. कॉटन ग्रीनचे एक शेठ हसले. पर्सरने विचारलं, "परब, तुझ्या ओळखीचा कोणी?"

"नो सर," जयवंत म्हणाला. त्याला विचार करावा लागला नाही. तोंडातून आपोआप आलं, आणि त्याचीच त्याला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटत राहिली. मग तो बापाकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "प्लीज गो बॅक टू युअर सीट. धिस इज फर्स्ट क्लास."

कुशाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण जे समजायचं ते समजलं. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. मग पोलिसांच्या लाठीपुढे मान खाली न घातलेला तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "सॉरी सायब."

दोन्ही हात ट्रेमध्ये अडकलेले, आणि येताना खांद्याने सारलेला पडदा परत जाताना त्यांना सारता येईना. जयवंतने पुढे होऊन तो बाजूला धरला, कंपनीने शिकवलं होतं तसाच. पर्सर म्हणाला, "शाबास, चांगलं सांभाळलंस."

थोड्या वेळाने टुरिस्ट क्लासचा स्टुअर्ड ट्रे गोळा करून आला आणि म्हणाला, एक म्हातारा काही जेवलाच नाही यार. जिनिव्हाला उतारू उतरत होते तेव्हा जयवंत भांड्यांच्या खणापाशी तोंड लपवून उभा होता.

मुंबईला परतल्यावर तो घरी गेला नाही. सांताक्रूझला एका मित्राकडे राहिला. कुशाबा परत आल्याचं कळल्यावर मात्र जाणं भाग होतं. ठरवून गेला होता की सगळ्यांदेखत पाय धरायचे. दारात पोचला तर खोलीत ही गर्दी. कुशाबा बाजेवर बसून बर्फाच्या डोंगरांच्या गोष्टी सांगत होते. शेजारच्या सीतारामने विचारलं, "ता ऱ्हवांदे. झिलान इमानात काय काय खावक घातल्यान, ता सांगा."

कुशाबांची नजर दाराकडे गेली. जयवंत दिसला. त्यांनी नजर काढून घेतली.

"जयवंत खय होतो त्या इमानात?" ते म्हणाले. "ऐनवेळी त्येची बदली झाली. दुसरोच कोण पोरगो होतो. पण त्येना बरा बघल्यान माझ्याकडे."

जयवंत दारातच थांबला. आता पाय धरायचे म्हणजे बापाला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं. त्याची आई लक्ष्मी कौतुकाने पुढे आली आणि त्याच्या कोटावरून हात फिरवत म्हणाली, "पुढच्या खेपेक सायबाक सांगान ह्यांच्याच इमानात ड्युटी घे हां. परक्या मुलखात आपला कोण तरी होया."

जयवंत "हो" म्हणाला.