डाएटवाल्या व्हर्नाचे उद्योग

आम्ही जुन्या डाएटिशियन मैत्रिणी इल्फर्डला कुणाच्या तरी घरी जमलो, की दुसऱ्या चहापर्यंत व्हर्नाचा विषय निघतोच. एकीचा किस्सा संपतो न संपतो, तोच दुसरीला आणखी दोन आठवतात. व्हर्ना म्हणजे आमच्या ईस्ट लंडनच्या हॉस्पिटलातल्या डाएट डिपार्टमेंटची पहिली ब्लॅक हेड. आईवडील जमैकाचे, ती वाढली इथेच. नवं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हा मी पुण्याहून आले, ती थेट तिच्या हाताखाली.

*

हेडच्या पोस्टसाठी तिला आधी दोनदा नकार मिळाला होता. तिसऱ्यांदा इंटरव्ह्यूला आली, तर रिसेप्शनवरच्या बाईंनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि तळमजल्यावरच्या खोलीत पाठवून दिलं. तिथे वॉर्डातल्या सफाईच्या कामासाठी इंटरव्ह्यू चालले होते. दुसऱ्या प्रश्नालाच तिच्या लक्षात आलं, पण ती उठली नाही. मॉप, जंतुनाशक, शिफ्ट, सगळ्याची नीट उत्तरं दिली. दहा मिनिटांत नोकरी मिळाली.

मग वर जाऊन तिने पॅनेलची उशिराबद्दल माफी मागितली आणि म्हणाली, "खाली मला आत्ताच एक जॉब ऑफर झालाय. तुम्ही जरा लवकर ठरवलंत तर बरं."

*

एक म्हातारे इंग्लिश पेशंट तिला पाहून म्हणाले, मला खरी डाएटिशियन हवी. जरूर, म्हणाली, आणि तिने मला पाठवलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आधीच्या बाईंनाच बोलवा," म्हणाले.

*

वॉर्डात कुठल्या वारी काय जेवण ते ठरलेलं, आणि जमैकन आणि आपल्याकडच्या पेशंटांची ताटं तशीच परत जायची. उकडलेला बटाटा, पांढरा सॉस, त्यात बुडालेला मासा. माणसं ऑपरेशनमधून उठायची आणि न जेवल्यामुळे खंगायची. मेनू बदला म्हणून व्हर्नाने वर्षभर पत्रं लिहिली. मॅनेजर लोकांचं उत्तर ठरलेलं, की कुणाची तक्रार नाही.

शेवटी एकदा त्यांच्या मीटिंगला जाणारी सँडविचेस तिने थांबवली आणि वॉर्डाच्या ट्रॉलीवरची ताटं आत पाठवली. वॉर्डात पोचतात तेवढीच गार. मोठ्या साहेबांनी झाकण उचललं, काट्याने जरा ढोसून पाहिलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं.

व्हर्ना म्हणाली, "गुरुवार."

महिन्याभरात मेनूवर खिचडी आली, आणि जमैकन लोकांचा तो राजमा घातलेला भातही.

*

देशपांडे आजींची शुगर काही केल्या आटोक्यात येईना. वहीत बघावं तर दर सोमवारी आणि शनिवारी आकडा भलताच वर. बरोबर आलेली नात म्हणाली, "आजी, तुझा शुगर वाढला."

"वाढली म्हण. आणि त्या दिवशी मी काही खातच नाही. उपास असतो माझा."

मी व्हर्नाला बाजूला घेऊन साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळी, खजूर असं सगळं समजावलं. तिने पेन खाली ठेवलं.

"इतकी वर्षं मी लोकांना कमी खा म्हणून सांगत आले. या बाईंना सांग, उपास सोडा आणि रोज जेवा."

*

आणि हा माझ्या डोळ्यांदेखतचा. देशभरातल्या डाएटिशियनांपुढे भाषण द्यायला व्हर्नाला बोलावलं होतं. लोकल पेपरात तिचा मोठा फोटो आला. तिच्या ऐंशी ओलांडलेल्या आईने कोपऱ्यावरच्या दुकानातले सगळे पेपर विकत घेतले. व्हर्नाला वाटलं, आता आई चर्चमध्ये वाटणार. पण रविवारी तिथे कुणी अवाक्षर काढलं नाही. घरी पाहते तर पेपर आईच्या पलंगाखाली, दोरीने बांधून ठेवलेले. व्हर्ना मला एवढंच म्हणाली, की आईला माझं काहीच वाटत नाही बहुतेक.

पुढच्या रविवारी चर्चच्या जेवणाला ती मला घेऊन गेली. आई केक खात बसली होती. मी शेजारी बसून हळूच विचारलं, पेपर का लपवले?

आई माझ्या कानाशी वाकली. "मी सगळ्यांना सांगितलंय, मुलगी एअरपोर्टवर नोकरीला आहे. डाएटिशियन आहे म्हणून कळलं, तर मला केक कोण वाढेल?"

व्हर्ना आमच्या मागेच उभी राहून ऐकत होती. तेवढ्यात चर्चमधल्या एक बाई तिच्याकडे आल्या. त्या जमैकाला निघाल्या होत्या. रममध्ये मुरवलेला केक विमानात हँडबॅगेत चालेल का, असं त्यांना विचारायचं होतं.

आईचा चमचा हवेतच थांबला. व्हर्नाने आईकडे पाहिलं, तिच्या बशीकडे पाहिलं, चष्मा चढवला आणि त्या बाईंना विचारलं,

"केकचं वजन किती आहे?"