सरणाची लाकडं

माझा स्वभाव मुळातच संशयी. कर्जतकडच्या सासरी आल्यावर तो कमी झाला नाही, वाढलाच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. गावात विजेचे खांब आले नव्हते. लष्करातून सुटून आलेल्या एका मिस्त्रीनं चावडीजवळ पत्र्याची उंच भट्टी बसवली. तिच्यात लाकडं धुमसायची, त्यातून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालायचं, इंजिन डायनामो फिरवायचं आणि दिवेलागणीला चावडीवर दोन बल्ब लागायचे. लाकूड मात्र खडखडीत वाळलेलं लागे. आणि तसलं लाकूड आमच्याच परसात होतं.

ती मामंजींच्या सरणाची लाकडं. दुष्काळात वाळलेली बांधावरची बाभूळ त्यांनी स्वतः फोडून रचून ठेवली होती. आपल्या मयताला कुणाच्या दारात लाकूड मागायची वेळ नको, असा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचा हट्टच असे. आता मामंजी अंथरुणाला खिळलेले. हे श्रीगोंद्याला कारखान्यावर. म्हणजे राखण माझ्याकडेच.

मिस्त्री मामंजींची विचारपूस करायला रोज येऊ लागला आणि मी त्याच्यावर डोळा ठेवला. बोलायचा म्हाताऱ्याशी, नजर परसाकडे. पाणी दिलं तरी माझ्याकडे न बघता प्यायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी ओंडक्यांच्या टोकांना चुन्याची बोटं ओढून ठेवली आणि रोज मोजू लागले. आठवड्यात रास बरीच खाली आली. भट्टीपाशी गेले, तर चुन्याच्या खुणांचे चार ओंडके तिथं पडलेले.

डोक्यावरून पदर घसरला, त्याचंही भान राहिलं नाही. चारचौघांत मी त्याला फाडून खाल्लं. "म्हाताऱ्याचं सरन जाळतोस? लाज न्हाई वाटत?"

तो मान खाली घालून गप्प. त्यानं तर माझी खात्रीच पटली. आज आठवलं तरी कान तापतात.

घरी येऊन मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, "म्याच दिली. तुला सांगू नको म्हनलं हुतं त्याला."

"पण का?"

"त्यो चावडीवरचा दिवा हितून खिडकीतनं दिसतो. अंधाराचं लई भ्या वाटाया लागलंय, पोरी."

"मग मला सांगायचं की, मामा!"

"तुझं सारं ध्यान सरनाकडं. रोज लाकडं मोजतीस. मला कसं वाटतंय, ते येकदा तरी इचारलंस का?"

मी कधीच विचारलं नव्हतं. परसात किती ओंडके उरलेत, तेवढं मात्र मला पाठ होतं.