दुकान वाढवलं

आमच्या घरात 'फुटली' हा शब्द चालायचा नाही. बांगडी फुटली असं कुणी चुकून म्हणालंच, तर अण्णा, म्हणजे माझे वडील, हातातलं काम थांबवून त्या माणसाकडे नुसतं बघायचे. बांगडी वाढते. नारळ वाढवतात. आणि संध्याकाळी फळ्या लावल्या की दुकान बंद होत नाही, तेही वाढवतात. आम्ही जातीचे कासार. बायकांचे हात भरायचे आणि तोंडातून अशुभ काढायचं नाही, या दोन गोष्टींवर आमचं पोट. लग्न होऊन बीडला आले, तेव्हा सासरी सगळे सरळ 'फुटली' म्हणायचे. मला पहिलं वर्षभर दचकायला व्हायचं, मग सवय झाली. माणूस कशालाही सरावतो.

तर गेल्या लग्नसराईतली गोष्ट. सकाळी मी मेथी निवडत बसले होते. माझी लेक पुण्याला शिकते, ती सुट्टीला आली होती. माझ्या माहेरून फोन आला, तिनं घेतला, दोन शब्द बोलली आणि नाचत आत आली. "आई, आजोबांनी दुकान वाढवलंय म्हणे. पेढे पाहिजेत."

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "बरं केलं. मी कधीचा सांगतोय, शेजारचा गाळा घेऊन टाका."

दोघांनी मिळून गाळ्याला काचेचं दार बसवलं, पाटी रंगवली, मला उद्घाटनाला कोणती साडी नेसायची तेही ठरवलं. माझा हात मात्र मेथीच्या जुडीतच राहिला. उन्हं अजून ओट्यावरही आली नव्हती. एवढ्या सकाळी कासार दुकान उघडतो, वाढवत नाही.

मी फोन लावला. धाकट्या भावानं उचलला. "ताई, अण्णांनी बांगड्यांच्या पेट्या माळ्यावर टाकल्यात," तो म्हणाला. "काय झालं म्हणून इचारलं तर बोलत न्हाईत. तू ये."

बीडहून केज आणि केजहून माझं माहेर युसूफ वडगाव, हा रस्ता मला झोपेतही येतो. त्या दिवशी झोप कुठली. माझ्या मनात काय होतं ते सरळ सांगते, उगीच मोठेपणा कशाला. दुकानाचं काय होईल, अण्णांचा दिवस कसा जाईल, यातलं काही नव्हतं. आता माझे हात कोण भरणार, एवढंच होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बीडच्या बाजारात मी एक बांगडी घेतली नाही. वर्षातून दोनदा माहेरी जायचं, दुकानात गिऱ्हाइकासारखं पाटावर बसायचं आणि अण्णांपुढे हात करायचा. एरवी आमच्याकडे बाप मोठ्या झालेल्या लेकीचा हात धरत नाही. डोक्यावरून हात फिरवणंही लांबून. माझ्या बापानं माझा हात धरायचा तर मधे बांगडी लागायची. या खेपेला हातात दोन-दोनच उरल्या होत्या आणि मी जायचे दिवस मोजत होते.

अण्णांचं काम बघायला मला लहानपणापासून आवडायचं. बाई बसली की हात हातात घ्यायचा, अंगठा आत दुमडायचा, गाठी दाबत दाबत मऊ करायच्या आणि तेवढ्यात माहेरची चौकशी सुरू. बाई सांगायच्या नादात हात सैल सोडायची, बांगडी मनगटात उतरलेली असायची. दिवाळीच्या आधी ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची रांग लागायची. त्यांचं मागणं वेगळं. सैल बांगडी कोयत्याला अडते, पाचटात अडकते. अण्णा त्यांना मापापेक्षा एक नंबर तंग भरायचे. चढताना डोळ्यांत पाणी यायचं, पण एकदा बसली की फडातून परत येईपर्यंत हलायची नाही. एकदा दुकानासमोर दोघांचं भांडण लागलं आणि एक दुसऱ्याला म्हणाला, हातात बांगड्या भरल्यात का बे? अण्णा आतून म्हणाले, "भरून घे की तूबी. ह्या बाया भरून रानात ऊस तोडतेत. तुला जमतंय का बघू." भांडण तिथंच संपलं, रांगेतल्या बाया मात्र बराच वेळ हसत होत्या.

धंदा बदलला तसे अण्णाही बदलत गेले, हे मला कबूल करावंच लागेल. फिरोजाबादच्या काचेवर भागेना, तेव्हा त्यांनी मेटलच्या आणल्या. मग प्लॅस्टिक आलं, तेही ठेवलं. नाक मुरडलं, पण ठेवलं. बाया मोबाईलवर साडीचा फोटो पाठवायला लागल्या, तेव्हा चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाला लावून ते रंग जुळवायचे. भावाला अर्धा काउंटर मोबाईलच्या कव्हरांसाठी दिला. पण हळूहळू बाया नंबर सांगून खोकं न्यायला लागल्या. सव्वादोन द्या, अडीच द्या. घरी साबण लावायचा आणि आपल्या आपण घालायच्या. पाट भिंतीला टेकवून ठेवायची वेळ आली. तरी लग्नाचा हिरवा चुडा म्हटलं की गावाला अण्णाच लागायचे. त्यावर ते तग धरून होते.

घरी पोचले तर भाऊ दारातच भेटला. आदल्या दिवशीचं सगळं त्यानं हळू आवाजात सांगितलं. गावातल्याच एका नवरीला चुडा भरायला अण्णांना बोलावलं होतं. वर्षभरापासून त्यांच्या बोटांना कंप आहे, हे आम्हाला माहीत होतं, डॉक्टरची गोळीही चालू होती. चौथ्या की पाचव्या बांगडीला बोट हललं, बांगडी वाढली आणि काच पोरीच्या तळहातात गेली. रक्त आलं. थोडंच, पण हळदीच्या हातावर ते लई दिसलं. कुणी वाईट बोललं नाही. पोरीची मावशी तेवढं म्हणाली, "राहू द्या अण्णा, आमी घालतो साबण लावून."

तेवढंच. शिव्या दिल्या असत्या तर अण्णा भांडले असते. भांडणात ते कुणाला ऐकायचे नाहीत. पण 'राहू द्या'ला काय उत्तर द्यायचं?

अण्णा दुकानातच बसले होते, रिकाम्या फडताळाखाली. मला बघून म्हणाले, "कावून आलीस एवढ्या उन्हाची?"

"तुमी दुकान वाढवलं म्हणून पेढे खायला आले," मी म्हणाले. "तुमची नात तिकडं पाटी रंगवून बसलीय."

ते हसले. मला वाटलं होतं रडतील, पण हसले. मग म्हणाले, "तिला सांगू नको खरं."

मी भिंतीचा पाट घेतला, मांडला आणि त्यावर बसले. हात पुढं केला. "भरा."

"वाढवलंय गं आता."

"मी काय गिऱ्हाईक हाय का?"

त्यांनी माळ्याकडे बघितलं. मी हात मागं घेतला नाही. हट्ट मी त्यांच्याकडूनच घेतलाय. शेवटी त्यांनी भावाला माळ्यावरची एक पेटी काढायला सांगितली. हिरव्या काचेची एक उचलली, माझ्या बोटांशी आणली. ती माझ्या नखांवर टिकटिक वाजायला लागली. आम्ही दोघंही तो आवाज ऐकत राहिलो. मग त्यांनी बांगडी परत पेटीत ठेवली, अगदी जपून, आणि झाकण लावलं.

मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी माझा हात घेतला, अंगठा आत दुमडला आणि गाठी दाबायला सुरुवात केली. जोरात, आधी दाबायचे तशाच. गंमत म्हणजे दाबताना त्यांचं बोट हलत नव्हतं. मी म्हणाले, "अण्णा, दुखतंय." ते म्हणाले, "दुखणारच. वय झालं तुझं, हाडं ताठली." आणि दाबत राहिले. उजवा झाला, मग डावा घेतला. घालायला काहीच नव्हतं, तरी दोन्ही हात मऊ केले. मधे एक पोरगा कव्हर घ्यायला आला, भावानं त्याला दिलं, तो गेला. आम्ही तसेच बसलो होतो. मला बापाचा हात हवा होता आणि तो मला मिळाला होता, बांगडीचं निमित्त नसताना. हे असं पुन्हा मागता येणार नाही हेही मला तेव्हाच कळत होतं.

निघताना ते म्हणाले, "बीडात चांगली दुकानं हायेत. घेत जा तिथनं." मी 'हो' म्हणाले.

घरी आल्यावर लेकीनं विचारलं, बांगड्या कुठंयत? या वेळी नाही भरल्या, म्हटलं. तिनं जास्त विचारलं नाही. माझे हात मात्र ठणकत होते. कणीक मळताना, कपडे पिळताना अंगठ्याखाली कळ यायची. हे म्हणाले, मलम लाव. मी लावलं नाही. मग एका सकाळी चहाचं पातेलं उचललं आणि लक्षात आलं, काहीच दुखत नाहीये. गॅस बंद केला आणि ओट्याशी उभी राहून रडले.