मेहबूब मिस्त्री हसला त्याची गोष्ट

शहाद्याहून लोणखेड्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड लागते. आधी रंध्याचा आवाज येतो, मग सागाच्या भुश्शाचा वास, आणि मग मेहबूब मिस्त्री दिसतो. चाळीस वर्षं हा माणूस चौकटी करतो आहे. तापीच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत कितीतरी घरांत नव्या सुना त्याच्या चौकटीखालून आत आल्या, आणि कितीतरी म्हातारे त्याच चौकटीखालून शेवटचे बाहेर गेले. चौकट उभी करायच्या दिवशी घरमालक तिला हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो, मिस्त्रीच्या डोक्यावर पांढरी टोपी घालतो आणि खांद्यावर टॉवेल टाकतो. अशा टोप्यांचं एक पोतं मेहबूबच्या घरात आहे. त्याची बायको शहाबानो दर ईदला म्हणते, वाटून टाका. तो म्हणतो, वाटतो. पोतं तिथंच आहे.

आमच्याकडे घराचा विचार मनात आला की माणूस बँकेत जात नाही, आधी मिस्त्रीकडे येतो. प्लॉट आत्ता घ्यावा की थांबावं? यंदा कापूस पडला तर जागेचा भाव उतरेल का? केळीवाल्यांनी पैसा कुठं लावला? भुश्शाच्या ढिगावर बसून माणसं तासतास भांडायची आणि मेहबूब पटाशी हातात धरून ऐकत राहायचा. चौकट आडवी ती आडवीच. शेवटी त्याच्या लेकीनं, तबस्सुमनं, चार वर्षांपूर्वी त्याला व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढून दिला. नाव ठेवलं 'घर-प्लॉट चर्चा'. म्हणाली, "अब्बा, सबको इसमें झगड़ने दो. तुम अपना काम करो."

सहाशे माणसं झाली. भांडण शेडमधून उठलं आणि मेहबूबच्या खिशात जाऊन बसलं.

पहिल्या वर्षी त्याला एक गोष्ट ध्यानात आली. लोणखेड्याचा सुकलाल आबा, रस्त्यालगत शेत असलेला, शेडमध्ये बसून कुणालाही गाढव म्हणायचा आणि ज्याला म्हणायचा तोच त्याला चहा पाजायचा. पण त्याच सुकलाल आबानं ग्रुपवर सुपडू ट्रॅक्टरवाल्याला लिहिलं, "आपल्यासारख्या अल्पज्ञानी व्यक्तीने या विषयावर मत देऊ नये." गाढव पचलं होतं, अल्पज्ञानी पचलं नाही. सुपडूनं दोन महिने आबाच्या शेतात ट्रॅक्टर घातला नाही.

मेहबूबनं यावर पुष्कळ दिवस विचार केला. रंधा मारताना त्याला विचार चांगला सुचतो. माणूस चिडला की शाळेतली मराठी लिहितो, हे त्याला कळलं. घरात आम्ही अहिराणी बोलतो. शुद्ध मराठी म्हणजे तलाठ्याचा कागद, कोर्टाची नोटीस. रागावलेला माणूस लिहायला बसला की नोटीसच लिहितो. मग मेहबूबनं ग्रुपवर एक नियम घातला, तोही बोलून: "भाव काय तो लिखीसन सांगा. पन कोनावर चिडनात, तर आवाजमां बोला. आपली बोलीमां."

लोक हसले, पण नियम चालला. पुढच्याच आठवड्यात सुकलाल आबा बटण दाबून गरजला, "आरे सुपडू, तुले बैल समजस नही, तू माले भाव शिकाडस?" आणि त्याच्या मागून त्याच्या बायकोचा, सुंदरबाईचा, आवाज आला, "आहो, दूध उतू गयं!" सुपडूनं ते चार वेळा ऐकलं म्हणे. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आबाच्या बांधावर. आवाजात माणसाचं घर येतं. शेळी ओरडते, कुकर शिट्टी देतो, म्हातारा खोकतो. अशा घरावर दगड मारायला हात उचलत नाही.

आता मेहबूबच्या बोटाबद्दल सांगितलं पाहिजे. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं एक पेर लाकूड कापायच्या मशीननं नेलं आहे. उरलेल्या थोट्या बोटानं तो फोन दाबतो आणि भलतंच काहीतरी जातं. एकदा कुणाचे वडील वारल्याची बातमी आली, त्याखाली मेहबूबकडून नाचणारी बाई गेली. तो तसाच सायकलवर त्या घरी जाऊन अंगणात हात जोडून उभा राहिला. तेव्हापासून गाव त्याच्या बोटाला सगळं माफ करतं.

या मेहबूबची नवनीत सरांशी बावीस वर्षांची मैत्री. सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. बायको गेली, मुलगी पुण्याला. बसस्थानकामागच्या गल्लीत रेवाबाईच्या दोन खोल्यांत ते भाड्यानं राहतात, पहिल्या नोकरीपासून तिथंच. रोज संध्याकाळी पाचला शेडवर यायचे, चहा घ्यायचे आणि सांगायचे की जागेचे भाव फुगलेले आहेत, पडणार. मेहबूब सांगायचा की लोकांना चौकटी लागताहेत, पडणार नाहीत. दोघांनाही हे बोलणं जेवणासारखं लागायचं.

गेल्या पौषात ग्रुपवर चेतना नावाच्या नर्सबाईंनी विचारलं. लोणखेड्याच्या बाजूला एक रो हाऊस त्यांना आवडलं होतं, शुक्रवारी बयाणा द्यायचा होता. घ्यावं की दोन वर्षं थांबावं? सरांनी सविस्तर लिहिलं: थांबा, भाव उतरतील, पगार आणि हप्ता यांचा मेळ बघा. ते कुंदनला झोंबलं. कुंदन प्लॉटची दलाली करतो, सरांचाच विद्यार्थी, तोंडाचा तिखट. त्यानं नियम सोडून लिहिलं:

"आदरणीय सर तीस वर्षे सांगत आहेत की भाव पडणार. भाव पडले नाहीत. सरांच्या भाड्याच्या घराचे छप्पर मात्र दोनदा पडले."

मेहबूबनं ते वाचलं आणि त्याखाली हसणारं तोंड टाकलं. ॲडमिन हसला, मग ग्रुप हसला. घटकाभरात चाळीसेक तोंडं दात काढून बसली. मग खाली एक बारीक राखाडी ओळ आली. नवनीत सर ग्रुपमधून बाहेर पडले होते.

संध्याकाळी पाचला सर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मेहबूबनं दोन कप मागवायची सवय मोडायचा प्रयत्न केला आणि चहावाल्यानं विचारलं, "एकच? सर आजारी शेतस का?" बावीस वर्षांत त्यानं सरांसाठी एकही चौकट केली नव्हती, तरी शेडमधलं सगळ्यात जुनं माणूस तेच होतं. ते गेलं तर ते आपल्या हसण्यानं गेलं, हे त्याला आत टोचत होतं.

कुंदनचा फोन आला. "चाचा, बोट घसरनं म्हनीसन टाकी द्या. सगळासले माहीत शे तुमनं बोट. इषय संपी जाई."

"आनि तुन्हं बी बोटच घसरनं का रे?"

"मी ते खरं लिखं, चाचा."

"छप्पर तू पाहं व्हतं का पडताना?"

मेहबूबनं फोन ठेवला. तोड सोपी होती. ग्रुपवर दोघातिघांनी आपणहून लिहिलंही होतं, मिस्त्रीचं बोट घसरलं असेल. शहाबानो भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "उंगली ने दबाया, मगर हँसे तो तुम थे. मैं सामने बैठी थी."

शुक्रवारी सकाळी मेहबूब रेवाबाईच्या ओट्यावर गेला. सर खुर्चीत वर्तमानपत्राची कात्रणं वहीत चिकटवत होते. त्यांनी वर पाहिलं, शेजारचा वेताचा मोडा सरकवला आणि अगदी कॉलेजातल्या आवाजात म्हणाले, "ये, मेहबूब. बोट घसरलं ना? मला कल्पना आहे. एवढ्यासाठी यायची गरज नव्हती."

सुटायचं दार उघडं होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"नही सर," मेहबूब म्हणाला. "बोट घसरनं नही. मी हासनू."

सरांचा डिंकाचा हात थांबला.

"का हसलास?"

"छप्पर म्हनताच माले तो दिन याद उना. छप्परनी बल्ली मोडनी, मी टेकू लावाले उनू, आनि तुम्ही पुस्तकंसवर आडवं पडीसन डोकावर घमेलं धरेल व्हतं. वरतून पानी पडे, घमेलामां टन टन वाजे, आनि तुम्ही माले सांगत व्हतात का यंदा सिमेंट स्वस्त व्हई."

सरांनी हातातलं कात्रण वहीत दाबून बसवलं. "तेव्हाही हसला होतास."

"तुमले दिसनं व्हतं?"

"बल्लीमागं तोंड लपवलं होतंस, पण तुझी पाठ हलत होती." सरांनी डिंकाचं झाकण लावलं. "तेव्हा राग आला नाही मला. तू हसत होतास, पण ती बल्ली तुझ्या खांद्यावर होती. त्या दिवशी मी फोन धरून बसलो होतो आणि चाळीस माणसं हसत होती. त्यातला एकही इथं नव्हता. तूसुद्धा नाही."

मेहबूबनं फोन काढला. "मी ग्रुपवर सांगी देस."

"नको. लोकांना तुझ्या बोटाची गोष्ट आवडते. खरं सांगितलंस तर तुझं ॲडमिनपण राहायचं नाही."

"नही ऱ्हायनं तर नही." आणि त्यानं अंगठ्यानं बटण दाबून धरलं. "आयका. मी मेहबूब मिस्त्री. त्या दिन मन्हं बोट घसरनं नही. मी हासनू व्हतू. माले हासू उनं, मी टाकं. नियम मी करा, मीच मोडा. मी आते सरसना वट्टावर बसेल शे. सरसना बारामां ज्याले काय बोलनं व्हई, त्यानी आठे ईसन बोला. आनि कुंदन..."

तेवढ्यात दारातून रेवाबाई कमरेला पदर खोचून बाहेर आल्या. चार दिवस त्या याच संधीची वाट पाहत असाव्यात. "त्या कुंदनले सांगजो! दोनदाव नही, एकच टाईम पडनं मन्हं छप्पर! दुसरा टाईमले नुसतं गळनं! मन्हा घरनी बदनामी करी ऱ्हायना भाडखाऊ!"

मेहबूबचा अंगठा सुटला आणि सगळं ग्रुपवर गेलं, रेवाबाईंसकट.

सहाशे माणसं ऐकत असावीत. फोन मध्ये ओट्यावर ठेवून दोघं त्याच्याकडे बघत बसले, रेवाबाई उभ्यानं. मग कुंदनचा आवाजी निरोप आला, आणि ऐकायच्या आधीच त्यानं तो पुसला. दुसरा आला, तोही पुसला. तिसरा राहिला. मागं मोटारसायकलींचा आवाज होता, कुठल्यातरी चौकात उभा असावा.

"सर... मी कुंदन. छप्परनी गोट मी करी, ती चुकनी. तुमना घरवर बोलानं मन्हं काम नव्हतं. रेवामावशी, तुमना छप्परले बी माफी." मागं एक हॉर्न वाजला. "पन सर, भाव पडाव नहीत."

सर ताठ झाले. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर पाच वाजताचं तेज आलं. "पडतील," ते म्हणाले. मग मेहबूबकडे वळून, आता शुद्ध मराठी पार विसरून, "पडतीन! त्याले काय समजस? काठवर पास करा व्हता मी त्याले. माले घाल परत ग्रुपमां."

"तुम्ही रागे नही ना आते?"

"तुन्हावर शे. ते आपन पाच वाजता पाहू. आधी त्या नर्सबाईंना नीट उत्तर द्यायचं राहिलंय, आज शुक्रवार आहे."

मेहबूबनं थोट्या बोटानं, पुसून, परत दाबून, त्यांना आत घेतलं. सर आपला फोन तोंडाशी धरून सावकाश बोलले. "चेतनाताई, स्वतः राहायला घेत असाल तर घ्या, हप्ता पगारात बसत असेल तर. भाव वाढेल म्हणून घेत असाल तर थांबा. आणि मी तीस वर्षं चुकत आलोय, हे कुंदननं बरोबर सांगितलं. माझं ऐकताना तेही धरून चाला."

चेतनाबाईंनी लिहिलं, "राहायलाच, सर. आईला पायऱ्या चढवत नाहीत." त्याखाली कुंदननं जोडलं, "मी बी हेच सांगत व्हतू." त्यावर सरांनी चष्मा नाकावर चढवला आणि बटण शोधू लागले.

मेहबूब उठला तेव्हा सरांचे आणि कुंदनचे निरोप एकावर एक पडत होते. व्याज, कापूस, नवा रस्ता, पुणेकरांचे पैसे. रेवाबाई मध्येच छपराबद्दल एक वाक्य घालत होत्या. कुणी कुणाला आदरणीय म्हणत नव्हतं.

शेडवर शहाबानो डबा घेऊन बसली होती. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "क्या हुआ? मान गए सर?"

"कहाँ माने," मेहबूब रंधा उचलत म्हणाला. "फिर झगड़ रहे हैं, माशाअल्लाह."